साडूनं घासलेली खुंटी

डॉक्टरांनी छोट्या आरशाच्या दांड्यानं, नवा दात बसवण्यासाठी जबड्यात रोवलेल्या धातूच्या खुंटीवर टकटक केलं आणि आवाज आला, ठप.

उचापत्याला तेवढ्यात सगळं कळलं. तो खुर्चीत आ वासून आडवा पडला होता, तोंडात नळी, छातीवर कागदी फडकं, पण कान शाबूत होते. हाडानं खुंटी धरली असेल तर ती टिंग करून वाजते, काचेच्या पेल्याला चमचा लागावा तशी. ठप म्हणजे उशीत बुक्की मारली. डॉक्टरांनी पुन्हा वाजवून बघितलं. पहिल्या वेळेस खुंटीचं लक्ष नसेल कदाचित. पुन्हा ठप.

"दुखतंय?"

त्यानं मान हलवली. दुखायला तिथं कोणी राहतच नव्हतं. मागच्या वर्षी उजव्या जबड्यातली गाठ काढली, तेव्हा गाठीसोबत हाडाचा तुकडा गेला, दात गेले आणि ओठाची नस पण गेली. तेव्हापासून खालचा ओठ आणि अर्धी हनुवटी म्हणजे शेजाऱ्याची भिंत. आपल्या घराला लागून आहे एवढंच. सूप ओघळून गळ्यापर्यंत आलं तरी पत्ता नाही. त्यासाठी घरात एक खूण ठरली होती. बायको स्वतःच्या हनुवटीला बोट लावायची, की यानं रुमाल काढायचा. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, बधिर फक्त ओठ झालाय. मग हळूहळू लक्षात आलं की बाकीचा माणूसही त्याच रांगेत उभा आहे.

उचापत्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण त्याच्या करामती बघून ते कोणाच्या तोंडी टिकलं नाही. आणि आता तो माणूस असा गप्प झाला होता की नावच त्याची टिंगल करतंय असं वाटायचं.

डॉक्टरांनी चिमटा लावला. ओढायचीही गरज पडली नाही. खुंटी चपटी होती, हाड पातळ म्हणून मुद्दाम पात्यासारखी करवून घेतलेली. म्यानातून सुरी निघावी तशी अलगद बाहेर आली.

"हे बघा," डॉक्टर त्याच्या बायकोकडे वळून म्हणाले, "शरीरानं भांडण नाही केलं. सूज नाही, पू नाही. फक्त भोवती मऊ पिशवी विणली आणि गुंडाळून ठेवलं. हाडाच्या पेशी धातूवर चढतात, त्याला घट्ट धरतात, तेव्हा खुंटी बसते. इथं त्या चढल्याच नाहीत. मग दुसऱ्या पेशी येतात. त्या म्हणतात, परकं आहे, पण त्रास देत नाही, पडू दे कोपऱ्यात."

"म्हणजे नावडत्या पाहुण्यासारखं," बायको म्हणाली. "चहा द्यायचा, पण आत ये म्हणायचं नाही."

"अगदी तसंच."

"मग दुसरी बसवा की."

डॉक्टर हात धुवायला लागले. हात धुणाऱ्या डॉक्टरकडून चांगली बातमी येत नाही हे तिला वर्षभरात कळलं होतं. "एका खुंटीपुरतं हाड आहे अजून. पण तेही झिजतंय. आणि एकदा नाही म्हणालेल्या शरीरात उगाच पुन्हा खोदणं मला पटत नाही. का नाही धरलं ते कळलं असतं तर गोष्ट वेगळी. तसं काही दिसत नाही. काही जणांचं शरीर घेत नाही, झालं."

उचापत्यानं तोंड पुसलं. "ती खुंटी मला द्या."

"कशाला?"

"आठवण."

बायकोनं कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी खुंटी धुऊन, झाकणाच्या छोट्या डबीत घालून दिली. जिना उतरताना त्यानं डबी उजेडात धरली आणि पायरीवरच थांबला.

खुंटी लखलखत होती. हिरडीत राहणारी वरची मान तर लखलखणारच होती, ती तशीच हवी. पण खालचं पातं, जे हाडात जातं, जे मातकट, रुक्ष, मांजराच्या जिभेसारखं असायला हवं, ते आरशासारखं चमकत होतं.

"काय झालं?" खालच्या पायरीवरून बायकोनं विचारलं.

"काही नाही."

राग येईल म्हणून तो थोडा वेळ तिथंच थांबला. आला नाही. मग घरी गेले.

आता हे पातं चकचकीत कसं झालं, त्यासाठी कारखान्यात जायला पाहिजे. कारखाना म्हणजे धुराडं वगैरे काही नाही. लांबट खोली, पांढरे दिवे, डोक्यावर जाळीच्या टोप्या, आणि माणसाच्या शरीरात बसवायचे धातूचे तुकडे. तिथं दोन टेबलं शेजारी शेजारी. एक चकचकीत टेबल, एक खरखरीत टेबल. चकचकीत टेबलावर मोडलेल्या हाडाला आधार द्यायच्या पट्ट्या घासतात. त्या हाड जुळलं की काढायच्या असतात, म्हणून इतक्या गुळगुळीत करतात की हाड त्यांना चिकटू नये. खरखरीत टेबलावर कायमचे तुकडे येतात. त्यांच्यावर काचेच्या पेटीत बारीक रेतीसारख्या कणांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभागावर खाचखळगे पडतात आणि पेशींना पाय रोवायला जागा मिळते. तिथं शाबासकी चमकण्याला नाही, न चमकण्याला मिळते.

खरखरीत टेबल उचापत्याचं. चकचकीत टेबल त्याच्या साडूचं.

हो, साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आधी टेबलं शेजारी आली, मग साडूनं शेजाऱ्याच्या घरी जेवायला जाऊन जाऊन मेहुणीशी सूत जमवलं. उचापत्या म्हणायचा, "ह्याला मी डब्यातली एक पोळी दिली होती, हा घरच खाऊन बसला." वर्षानुवर्षं त्यानं साडूला छळला. सगळ्यात गाजलेला प्रकार चमच्याचा. साडूच्या डब्यातल्या चमच्याला त्यानं बुडाशी सुईएवढं भोक पाडलं आणि साडू आठवडाभर आमटी शर्टावर सांडून बायकोच्या शिव्या खात राहिला. डोळे तपासून आला बिचारा. हात थरथरतो का म्हणून डॉक्टरकडे गेला. मग एक दिवस उजेडात चमचा वर धरला, आणि आख्ख्या कारखान्यानं त्याला खोलीभर चमचा उगारून पळताना बघितलं.

कारखान्यात एक नियम होता. घरच्या माणसाचा तुकडा घरच्यानं करायचा नाही, आणि स्वतःचा तर नाहीच. हात कापतो, नाहीतर मन कापतं. त्यामुळे उचापत्याच्या जबड्याची खुंटी आली तेव्हा ती त्याच्या टेबलावर जाऊ शकत नव्हती. तो तर दवाखान्यातच होता. मग कोण करणार? साडू पुढं झाला.

"तू नातेवाईक आहेस," देखरेखीच्या बाई म्हणाल्या. त्यांना सगळे मोजपट्टी म्हणायचे, त्यांच्या पाठीमागे आणि कधीकधी चुकून तोंडावर.

"साडू हे काय नातं आहे का बाई? तो अपघात आहे."

सगळे हसले. मोजपट्टीही हसली, आणि तिथंच घोळ झाला. कायमच्या तुकड्याचा पृष्ठभाग शेवटी भिंगाखाली तपासायचं काम खरखरीत टेबलाचं, आणि ते टेबल तर दवाखान्यात सलाइन लावून पडलेलं. मोजपट्टीनं लांबी मोजली, रुंदी मोजली, जाडी मोजली. सगळं बरोबर होतं. चमक मोजायची पट्टी तिच्याकडे नव्हती.

खुंटी काढून आल्यावर दोन दिवसांनी साडू आणि मेहुणी घरी आले. मेहुणीनं केळ्याचं मऊ कस्टर्ड आणलं होतं. आल्या आल्या साडूनं हात चोळले.

"काय मग? चावायला कधी सुरुवात? मी आपला शेंगदाणे घेऊनच आलोय."

बायकोनं सांगितलं. पिशवी, पाहुणा, परत नाही, सगळं. साडूनं खिशातली शेंगदाण्याची पुडी बाहेर काढली होती ती परत आत ठेवली.

"असं कसं नाही घेतलं?" तो म्हणाला. "मी जीव ओतला होता रे त्यात. खालची बाजू पेटीत घालायची म्हणून हातात घेतली, पण म्हटलं दुसऱ्याला खरखरीत चालेल, आपल्या माणसाला टोचायला नको. काडीला फडकं गुंडाळून कडा न् कडा घासली. संध्याकाळी सगळे गेले तरी मी बसलो होतो. तुला सांगतो, आख्ख्या जन्मात इतका सुंदर तुकडा नाही केला मी."

डबी उचापत्याच्या खिशात होती. मांडीला टोचत होती. मांडीला अजून कळत होतं.

सांगितलं तर काय होणार, हे त्याला चांगलं माहीत होतं. चुकीचा तुकडा शरीरात गेला की करणारा माणूस टेबलावरून उठतो आणि गोदामात खोकी लावायला जातो, हा मोजपट्टीचा दुसरा नियम. त्याला अपवाद कधी झाला नव्हता. आणि गोदामापेक्षा वाईट म्हणजे साडूचा चेहरा. न सांगितलं तर डॉक्टर शरीराला दोष देऊन मोकळे, जबड्यातलं उरलेलं हाड झिजून जाणार, आणि यानं पुढचा जन्मभर ब्रेड दुधात बुडवायचा. दोन्ही बाजू त्यानं तोलून बघितल्या. कुठल्याच बाजूनं आत काही हललं नाही. आपण कोणा तिसऱ्याच माणसाबद्दल विचार करतोय असं वाटलं, आणि तो तिसरा माणूसही फारसा ओळखीचा नव्हता.

"भावजी, तुम्ही काहीतरी बोला की," मेहुणी म्हणाली. "एक टोमणा मारलात तरी बरं वाटेल आम्हाला."

"कस्टर्ड छान झालंय," तो म्हणाला.

बायकोनं हनुवटीला बोट लावलं. त्यानं रुमाल काढला.

ते गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता थांबली. "अहो, खिशात काय आहे ते दाखवा."

"काय?"

"मघापासून हात तिथंच आहे. तुम्ही मला चोरून काहीतरी करत होतात ना पूर्वी, तेव्हा तुमचा असाच चेहरा व्हायचा. वर्षभरात पहिल्यांदा दिसला म्हणून विचारते."

त्यानं डबी दिली. तिनं खुंटी दिव्याखाली धरली. ती कारखान्यातली नव्हती, पण कारखान्यातल्या माणसाशी संसार केला होता. रोज जेवताना खरखरीत आणि गुळगुळीत ऐकून तिचे कान किटले होते. तिनं नखानं पातं घासून बघितलं. नख सटकलं.

"हे असं नसतं ना?"

"नसतं."

तिनं खुंटी डबीत ठेवून झाकण लावलं. मग म्हणाली, "तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. आणि तुम्ही माझे आहात. मी काय सांगू? फक्त एक सांगते. तुम्ही त्याला वाचवायला गप्प बसला असाल तर ठीक. पण काहीच वाटत नाही म्हणून गप्प बसला असाल, तर ते मला चालणार नाही."

यातलं कुठलं खरं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी तो कामावर गेला. सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या, खांदा दाबला, आणि मग काय बोलायचं ते न सुचून आपापल्या जागी गेले. काचेच्या पेटीवर धूळ होती. त्यानं पेटी पुसली. शेजारी साडू खाली मान घालून एक पट्टी घासत होता. रोज शिट्टी वाजवत घासायचा, आज शिट्टी नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले. उचापत्या साडूसमोर जाऊन उभा राहिला.

"दाढी कोणी केली तुझी? बागेत गवत कापणाऱ्यानं?"

साडूनं वर बघितलं. इतक्या महिन्यांनी याच्या तोंडून टवाळी ऐकून तो इतका खूश झाला की गालावरून हात फिरवतच उठला. "कुठं राहिली?"

"नाकाखाली. आरसा देतो, थांब."

त्यानं डबी उघडून खुंटी साडूच्या तळहातावर ठेवली. साडूनं ती डोळ्याजवळ नेली, एक डोळा मिटला, हनुवटी इकडे तिकडे फिरवली. नखाएवढ्या पात्यात चेहरा काय दिसणार. त्याचं नाक मात्र चांगलं लांबरुंद, घराण्याचं नाव राखणारं.

"नाकच दिसतंय नुसतं," तो हसत म्हणाला.

"स्पष्ट दिसतंय?"

"एकदम. नाकातले केससुद्धा..."

आणि तो थांबला. हात तसाच डोळ्याजवळ राहिला. हसू तोंडावर होतं ते तिथंच राहिलं, काढायचं विसरून गेल्यासारखं. त्यानं खुंटी फिरवली. मान बघितली. पातं बघितलं. पुन्हा फिरवली. घासणारी मशीन चालूच होती, तिचा आवाज सगळ्या खोलीत भरून होता.

"पेशींना पाय रोवायला..." तो पुटपुटला. हे वाक्य त्यानं शेजारच्या टेबलावरून शेकडो वेळा ऐकलं होतं. नव्या माणसाला काम समजावताना उचापत्या तेच सांगायचा. "म्हणजे मी..."

"हं."

"तुला कधी कळलं?"

"जिन्यात. त्याच दिवशी."

"आणि तू कस्टर्ड खात बसलास?"

उचापत्यानं खांदे उडवले. साडू स्टुलावर बसला. आता हा रडणार, असं उचापत्याला वाटलं, आणि त्याचं आपल्याला काय वाटेल याची तो जरा कुतूहलानं वाट बघू लागला. पण साडू रडला नाही. उठला, मशीन बंद केली, टोपी काढून टेबलावर नीट ठेवली आणि मोजपट्टीच्या काचेच्या खोलीत गेला. बाहेरून आवाज येत नव्हता. साडूनं हात पुढं केला, मोजपट्टीनं भिंग काढलं, वाकली. वाकलेली बराच वेळ सरळ झाली नाही. मग खुर्चीवर बसली आणि फोन उचलला.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खुंटी नीट बसतेय का एवढंच मी बघितलं. दिव्याखाली सगळंच चमकतं, म्हणून सोडून दिलं. दणकट हाड असतं तर गुळगुळीत खुंटीही कदाचित धरली असती. ह्याच्या हाडात नाही." आणि पुढं म्हणाले, "म्हणजे शरीरानं नाही म्हटलं नव्हतं. त्याला कोणी नीट विचारलंच नव्हतं. दुसरी करा. लवकर करा."

मोजपट्टी बाहेर आली. डोळे लाल, आवाज नेहमीसारखा सरळ रेघेत. "हसून परवानगी मी दिली, ते माझ्याकडे. पण नियम तो नियम. साडूसाहेब, उद्यापासून गोदाम."

"बरोबर आहे बाई," साडू म्हणाला. "फक्त त्याआधी दुसरी मला करू द्या."

मोजपट्टीनं उचापत्याकडे बघितलं. "तुकडा तुझ्या तोंडात जाणार. तू सांग."

"करू दे," उचापत्या म्हणाला. "मी मागे उभा राहतो. हात खिशात घालून."

आणि तसंच झालं. साडूनं मान घासली, ती नेहमीसारखी लखलखीत. मग पहिल्यांदाच खरखरीत टेबलाशी बसला. पेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घातले. आतमध्ये कणांचा फवारा सुरू झाला, पावडर उडाली, आणि चमकणारं पातं बघता बघता विझत गेलं. साडूला ते बघवत नव्हतं. एकदा त्यानं सवयीनं फडकं कुठंय म्हणून डोळे फिरवले.

"पुसायचं नाही," मागून आवाज आला.

"पुसत नाहीये."

"बोट लावायचं नाही. तुझ्या बोटाचं तेल लागलं तरी त्या रुसून बसतात."

"कोण?"

"पेशी. तुझ्या मेहुणीवर गेल्यात."

"तुझ्या बायकोला सांगू?"

"तीच म्हणाली."

खुंटी टायटेनियमच्या चिमट्यानं बाहेर काढली. मळकट, करडी, जुन्या पाटीसारखी. साडूनं ती भिंगाखाली धरली आणि सुस्कारा सोडला. "भंगारातून उचलल्यासारखी दिसते रे."

उचापत्यानं भिंगातून बघितलं. खाचखळगे, डोंगर, दऱ्या, सगळीकडे सारखे. "चांगली झालीय," तो म्हणाला. आपल्या तोंडात जाणारी गोष्ट बघतोय असं काही त्याला वाटलं नाही. पण चांगलं काम होतं ते.

खुंटी बसवली. मग वाट बघायचे महिने आले. साडू गोदामात खोकी लावत होता, आणि तिथंही त्यानं ती इतकी सरळ रेषेत लावली की लोक बघायला जायचे. उचापत्या दुधात ब्रेड बुडवत होता. ओठ तसाच होता. नस काही परत येणार नव्हती, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. जबड्याच्या आत काही चाललं असेल तर ते त्याला न कळवता चाललं होतं.

टकटक करायच्या दिवशी साडू गोदामातून तसाच धुळीनं भरलेला आला. डॉक्टर नको म्हणत होते, पण तो भिंतीला चिकटून उभा राहिला. बायको खुर्चीपाशी. उचापत्या आ वासून आडवा.

डॉक्टरांनी आरशाचा दांडा उलटा धरला आणि वाजवलं.

टिंग.

साडूनं मान पुढं काढली.

"परत वाजवा," साडू म्हणाला.

टिंग.

"परत."

"अहो, ती काय दारावरची घंटा आहे का?" डॉक्टर म्हणाले, पण वाजवलं. टिंग. "धरलंय. घट्ट धरलंय."

बायकोनं खुर्चीचा हात पकडला. उचापत्याच्या ओठाला काही कळलं नाही, हनुवटीला काही कळलं नाही. आवाज मात्र हाडातून थेट कानात गेला, अगदी आतून, जसा दुसऱ्या खोलीत कोणीतरी पेला ठेवावा. बरं वाटतंय का, ते त्यानं तपासून बघितलं. नक्की सांगता येत नव्हतं. घाई नव्हती.

भिंतीपाशी साडू रडत होता. तोंडानं आवाज नाही, पण त्या भल्यामोठ्या नाकातून धार लागली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. उचापत्याच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यानं हळूच हात वर केला आणि आपल्या नाकाला बोट लावलं.

साडूनं ते बघितलं.

"आता पुन्हा नाकावरून नको ना रे," तो कळवळून म्हणाला. "निदान आज तरी."

उचापत्यानं बोट तसंच ठेवलं. बायकोला हसू आवरेना. तिनं पर्समधून रुमाल काढला, खुर्चीला वळसा घातला, आणि आपल्या मेहुण्याचं नाक पुसायला गेली.